न धुतलेली अक्षरं

नानजिंग, १६ जानेवारी १९७६

निंग,

सात वर्षांत तुझं एकही उत्तर आलं नाही. पण माझी पत्रं परतही येत नाहीत. तेव्हा तिकडे हेइलोंगजिआंगच्या शेतावर कुणीतरी ती तुझ्या हातात देतं आणि तू ती घेतेस, असं मी धरून चालले आहे.

पंतप्रधान चौ गेल्याचं तुमच्याकडेही कर्ण्यावरून सांगितलं असेल. नऊ तारखेला पहाटे आम्ही स्टेशनच्या यार्डात गाडीचे डबे धूत होतो. थंडी अशी की फडकं पिळायच्या आत कडक होत होतं. शोकधून लागली तशा सगळ्या जणी ब्रश हातात धरून उभ्या राहिल्या. गूमावशी, म्हणजे आमच्या धुलाईच्या टोळीची प्रमुख, खाली रुळावरच बसली. तोंडाने फार फटकळ बाई, पण त्या दिवशी हळू आवाजात म्हणाली, "आता भांडणाऱ्यांच्या मध्ये उभं राहायला कुणी उरलं नाही."

नंतर वरून आदेश आला: काळ्या फिती नकोत, फुलं नकोत, काम चालू ठेवा. गूमावशीने पांढऱ्या कागदाची फुलं केली आणि आम्ही ती कोटाच्या आतल्या बाजूला टाचली. "आत काय लावलंय ते तपासायचा आदेश अजून निघालेला नाही," ती म्हणाली.

मला शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीवरून काढल्यापासून मी डबेच धुते, हे मागे लिहिलं होतं. हात फुटले आहेत, बाकी ठीक. तुझे वडील अजून नदीच्या उत्तरेला सुबेइतल्या तळ्याकाठच्या श्रमशेतावर आहेत. तब्येत बरी असावी. मी त्यांना भेटायला गेलेली नाही. का, ते तुला ठाऊक आहे. निदान अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं या वर्षी मी तुला लिहिणार आहे. एकदम जमणार नाही, पण लिहिणार.

आई

नानजिंग, १ एप्रिल

निंग,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. बीजिंगच्या गाडीवर सोंग नावाची एक मुलगी डबा सांभाळते. ती ते हार्बिनच्या गाडीवरच्या मैत्रिणीकडे देईल. वाचून झालं की जाळ.

शांघायच्या एका वर्तमानपत्राने पंतप्रधानांवर आडून शिंतोडे उडवले. माणूस जाऊन तीन महिने झाले नाहीत. इथल्या विद्यार्थ्यांचं डोकं फिरलं. लढाईच्या आधी पंतप्रधान मेइयुआनला ज्या घरात राहिले होते, तिथवर मोर्चे निघाले. पुढे कागदी फुलांचं भलं मोठं चक्र, मागे हजारो पोरं, आणि कुणी घोषणाही देत नव्हतं. नुसते पायांचे आवाज येत होते. मी फुटपाथवर उभी होते. मग उभी राहिले नाही, चालले.

पण नानजिंगमध्ये काय झालं ते नानजिंगबाहेर छापून येत नाही. म्हणून पोरं स्टेशनात घुसली आणि उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांवर पुरुषभर उंचीची अक्षरं लिहू लागली. पंतप्रधानांच्या नावाचं रक्षण करू. त्यांच्यावर चिखल उडवणाऱ्यांना ओळखा. अशी. आम्हाला हुकूम आला की गाडी सुटायच्या आत सगळं साफ झालं पाहिजे. पहिल्या दिवशी रंग होता. आम्ही धुतला. दुसऱ्या दिवशी डांबर होतं. डांबर पाण्याने जात नाही.

गाडी वेळेवर सुटली. मी माझं काम नेहमीसारखं केलं. इतकंच.

आई

नानजिंग, २४ एप्रिल

निंग,

मी बरी आहे. उद्यापासून मला अभ्यासवर्गाला जायचं आहे. राहण्याची सोय तिथेच केलेली आहे, त्यामुळे काही दिवस पत्र येणार नाही. गूमावशी बरी आहे. हवा चांगली आहे. नव्या पंतप्रधानांच्या नेमणुकीचं आम्ही सगळ्यांनी एकमुखाने स्वागत केलं. तूही वर्तमानपत्र वाचत जा.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. नेहमी पाठवत नाहीस, तसंच.

आई

नानजिंग, ११ ऑगस्ट

निंग,

सोंग पुन्हा गाडीवर रुजू झाली, म्हणून आता खरं लिहिते. चोवीस एप्रिलचं पत्र टपालाने गेलं होतं. ते तुझ्याआधी आणखी दोघा-तिघांनी वाचलं असणार.

आणि त्याच्याही आधीच्या पत्रात मी तुझ्यापासून दोन गोष्टी लपवल्या.

पहिली. रंग धुवत असताना एक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली. दोन वेण्या, हातावर निळा रंग. तुझ्यापेक्षा लहान. म्हणाली, "मावशी, हे धुवायला किती वेळ लागतो?"

"डब्याला पाऊण तास."

"आणि डांबर असतं तर?"

मी ब्रश थांबवला नाही. म्हटलं, "डांबराला रॉकेल लागतं. आणि रॉकेल आम्हाला टोळीमागे एक बाटली मिळतं."

ती हसली नाही, आभारही मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी डांबर आलं.

दुसरी गोष्ट. फलाटाच्या पलीकडची बाजू माझ्या वाट्याला होती, जिथून साहेब लोकांना दिसत नाही. मी त्या डब्याची धूळ, काजळी, सगळं असं घासलं की डबा नवा वाटावा. अक्षरांना हात लावला नाही. स्वच्छ हिरव्या पत्र्यावर ती काळी अक्षरं पार मालधक्क्यावरून वाचता येत होती. 'रक्षण करू' यातल्या एका अक्षराची शेवटची रेघ घाईत राहून गेली होती. वीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत अशा राहिलेल्या रेघा भरत आले. हात आपोआप गेला. पत्र्यावर ओघळलेलं डांबर बोटावर घेतलं आणि रेघ पुरी केली.

आपोआप म्हटलं ते खरं नाही. मी आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग हात गेला.

बीजिंगच्या चौकात पंतप्रधानांसाठी जमलेल्या लोकांना मारून हटवलं, त्यानंतर इथेही शोध सुरू झाला. आम्हा सगळ्या धुणाऱ्यांना एकेक करून बोलावलं. माझ्यापुढे लिआओ नावाचा तपासनीस होता. तिशीचा, मऊ बोलणारा. त्याने मला चहा दिला आणि एक कागद सरकवला.

"पेइबाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला फार समजवावं लागणार नाही. गू यांनी घोषणा पुसू नका असा हुकूम दिला, एवढंच यात आहे. सही केलीत की संध्याकाळी घरी."

"गूमावशीने असं सांगितलं नाही."

"बाकीच्या तिघींनी सही केली आहे."

"त्यांनी ऐकलं असेल. मी ऐकलं नाही."

त्याने फाइल उघडली. माझी होती. म्हणाला, "तुम्ही याआधी एकदा संघटनेला मदत केलेली दिसते. अडुसष्ट साली. तेव्हा नवऱ्याबद्दल लिहायला जड गेलं नाही. ही तर परकी बाई."

निंग, त्याने मला मारलं असतं तर मी सोसलं असतं. पण तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. माझ्या फाइलवरून माझी जी किंमत होते, तीच तो धरून बसला होता. मला त्या क्षणी कळलं की तो पहिला कागद संपलेला नाही. आठ वर्षं तो कपाटात बसून माझी वाट पाहत होता आणि आता दुसरा मागत होता. हाही दिला असता तर तिसरा मागितला असता.

मी कोरा कागद मागितला. तो खूश झाला. मी लिहिलं: डांबराचं मी सांगितलं. अक्षरांभोवतीचा डबा मी धुतला. राहिलेली रेघ मी भरली. मला कुणी सांगितलं नाही. पेइ शूयिंग.

त्याने वाचलं आणि म्हणाला, "हे लिहिल्याने काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय. अक्षर नीट लागतंय ना, तेवढं पाहा."

'अभ्यासवर्गा'च्या नावाखाली बावन्न दिवस मला गोदामामागच्या खोलीत कोंडून ठेवलं. त्यातून सोडलं ते थेट बॉयलरची राख उपसायला. गूमावशीला टोळीवरून काढलं, पण नोकरी राहिली. ती पहिल्या दिवशी राखेच्या ढिगाजवळ आली आणि ओरडलीच, "तुला कुणी सांगितला होता शहाणपणा? मी म्हातारी, माझं काय वाकडं केलं असतं त्यांनी?" मग जेवणाचा डबा उघडून माझ्या हातात सारण भरलेली वाफाळती बाओझं ठेवली आणि मी खाऊन होईपर्यंत माझं फावडं तिने चालवलं.

जुलैच्या शेवटी थांगशानचा भूकंप झाला. जखमींच्या गाड्या दक्षिणेकडे येऊ लागल्या तशी आम्हा सगळ्यांना राखेतून, गोदामातून परत डब्यांवर बोलावलं. त्या डब्यांत काय होतं ते लिहीत नाही. पण एक माणूस सांगते. खाणकामगार, दोन्ही पाय लाकडाच्या फळ्यांना बांधलेले. स्ट्रेचर येईपर्यंत मी त्याला पाणी पाजत होते. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: बायकोशी भांडण झालं, म्हणून मी त्या रात्री खाणीवरच झोपलो. मी वाचलो तो भांडणामुळे. त्याला हे कुणालातरी समजावून सांगायचं होतं आणि कुणालाच ते समजावता येत नव्हतं.

त्या दिवसापासून माझं ठरलं आहे. पहिला कागद मी मागे घेणार आणि मग तुझ्या वडिलांसमोर जाऊन उभी राहणार. आधी कागद, मग भेट. मोकळ्या हातांनी जायचं नाही.

आई

नानजिंग, १९ सप्टेंबर

निंग,

काल तीन वाजता देशातली सगळी इंजिनं एकदम वाजली. तुमच्याकडे ट्रॅक्टरांचे भोंगे वाजले असतील. यार्डात आम्ही हजार-बाराशे माणसं मान खाली घालून उभी होतो. अध्यक्ष माओ गेले, हे वाक्य अजूनही लिहिताना हात अडतो. ते मरू शकतात हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

सगळे रडले. मीही रडले. कशासाठी, ते एकेक करून सांगता येणार नाही. माझ्या शेजारी सही करणाऱ्या तिघींपैकी एक होती. तिने माझा हात धरला, मी सोडवून घेतला नाही.

पुढे काय होणार, कुणी विचारत नाही. सगळे एकमेकांचे चेहरे वाचतात. मी वाट पाहायची नाही असं ठरवलं आहे. मजकूर लिहायला घेतला आहे. सहा वेळा फाडला.

आई

नानजिंग, २७ ऑक्टोबर

निंग,

आता टपालाने लिहायला हरकत नाही. अध्यक्षांच्या बायकोसकट त्या चौघा पुढाऱ्यांना पकडल्याचं तुम्हालाही कळलं असेल. इथे तीन दिवस ढोल थांबले नाहीत. बाजारात खेकडे मिळेनात. लोक चार-चार एका दोरीत बांधून मागतात, तीन नर आणि एक मादी. गूमावशीने मला घरी बोलावलं, मादी स्वतःच्या हाताने उकळत्या भांड्यात सोडली आणि म्हणाली, "बाई, कर्ण्यावरच्या तुझ्या क्रांतिकारी नाटकांनी आमचे कान किटले होते." आम्ही आल्याच्या व्हिनेगरबरोबर खाल्ले. गोड होते.

पण मी हे पत्र खेकड्यांसाठी लिहीत नाही. गेल्या आठवड्यात मी तुझ्या वडिलांच्या शाळेत गेले. पक्षाचा सचिव हौ अजून तिथेच आहे. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. फक्त भिंतीवरच्या घोषणा बदलल्या आहेत.

मी म्हटलं, "अडुसष्ट साली मी दिलेली साक्ष मागे घ्यायला आले आहे."

तो हसला. "साक्ष म्हणजे काय कोबीचा गड्डा आहे, किडका निघाला म्हणून परत करायला?"

"परत देऊ नका. तिच्या शेजारी हा दुसरा कागद लावा."

"वरून तशी सूचना नाही."

"पहिला कागद घेताना तुम्ही मला सूचना दाखवली नव्हती."

त्याने चष्मा काढला. "शूयिंग, मी तुझ्या भल्याचं सांगतो. चार माणसं पकडली म्हणून सगळ्यांची कपाटं उघडत नाहीत. तुझ्या नवऱ्यावरचा, थांगवरचा ठपका आजही कायम आहे. तू मधेच कागद घुसवलास तर उद्या वारा फिरला की पहिली तू जाशील. थांब वर्षभर."

"तुम्हीच सही घेतली होती, म्हणून थांबायला सांगताय?"

चष्मा परत लावून तो समोरच्या कागदांकडे वळला. मी बाहेरच्या बाकावर बसले. संध्याकाळी शिपायाने फाटक लावायला घेतलं तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून पुन्हा जाऊन बसले. शिक्षक येता-जाता पाहत होते. काहींना मी ओळखत होते, त्यांनी मान वळवली. तिसऱ्या दिवशी दुपारी हौ स्वतः बाहेर आला, कागद घेतला, उभ्या उभ्या त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाला, "लावतो म्हणून सांगत नाही. घेतला, एवढंच."

एक प्रत मी शिक्षण खात्याला नोंदणी टपालाने पाठवली, एक श्रमशेताला. माझ्या टोळीच्या सभेतही मी तो उभी राहून वाचला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला नकोच होत्या.

आई

नानजिंग, २२ नोव्हेंबर

निंग,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर मी जिन्यातच ओळखलं आणि तिथेच पायरीवर बसले. आत दोन ओळी: "त्या कागदात काय लिहिलं होतं? शब्दन् शब्द लिही."

लिहिते.

"मी, पेइ शूयिंग, साक्ष देते की १९५८च्या शरद ऋतूत माझा पती थांग बोयुआन याने घरी जेवताना, भाताच्या विक्रमी पिकाचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र पाहून म्हटलं, की उभ्या पिकावर चार मुलं उभी राहूच शकत नाहीत, पदार्थविज्ञानाच्या नियमाने हे खोटं आहे. १९६० साली त्याने म्हटलं, की ही भूक आभाळातून पडलेली नाही, माणसांनी आणली आहे. मी हे दहा वर्षं लपवलं हा माझा गुन्हा आहे. मी त्याच्या-माझ्यात स्पष्ट रेघ ओढते."

खाली सही आणि अंगठा.

तुझ्या वडिलांविरुद्धच्या सभेत शाळेच्या लोकांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की याच्या बायकोनेही साक्ष दिली आहे. तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस, ते मी विसरलेले नाही.

त्यात खोटं काही नव्हतं. दोन्ही वाक्यं तुझ्या वडिलांनी म्हटली होती. आपल्या जेवणाच्या टेबलावर, मला आणि तुला. दुसऱ्या कुणी ऐकलीच नव्हती. म्हणून तर शाळेच्या लोकांना माझी सही हवी होती. मला सांगितलं होतं की सही केलीस तर मुलीला शहरातून बाहेर पाठवणार नाही. मी विश्वास ठेवला. चार महिन्यांनी तू आपणहून शेतांवर जाणाऱ्या पहिल्या तुकडीत नाव घातलंस.

शब्दन् शब्द मागितलास, म्हणून कागदात जे लिहिलं नव्हतं तेही सांगते. ते छायाचित्र पाहून पहिल्यांदा तूच विचारलं होतंस, "बाबा, ही मुलं खाली पडत कशी नाहीत?" तू सात वर्षांची होतीस. त्यांनी तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं. लिआओसारख्याच एका माणसाने मला विचारलं होतं, हा विषय कसा निघाला. मी म्हटलं, सहज. हे तुझ्या अंगावर टाकण्यासाठी लिहीत नाही. त्या दिवशी मी त्यांना वाचवलं नाही, पण एक वाक्य गिळलं, एवढंच तुला कळावं.

क्षमा माग असं तू लिहिलेलं नाहीस. म्हणून मी या पत्रात ती मागत नाही. मागायची ती आधी दुसऱ्या एका माणसाकडे. पुढच्या महिन्यात रजा मिळतेय.

आई

नानजिंग, २९ डिसेंबर

निंग,

जाऊन आले.

दिवसभर बस, मग होडी, मग बांधावरून तासभर पायी. वर्षं भरली म्हणून त्यांना कधीच मोकळं केलंय, पण ठपका तसाच, म्हणून तिथेच पाण्याच्या पंपावर ठेवलंय. मी पोचले तेव्हा ते यंत्राला तेल घालत होते. केस पुरे पांढरे. मला पाहून त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "निंग बरी आहे ना?"

त्यांना वाटलं होतं, मी तुझी वाईट बातमी घेऊन आले आहे. त्याशिवाय मी कशाला येईन.

"बरी आहे. तिने पत्र पाठवलंय," मी म्हटलं. मग ते खाली बसले.

मी उभी राहूनच सगळं सांगितलं. पहिला कागद, लिआओ, दुसरा कागद. क्षमा मागितली. ते यंत्राकडे पाहत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पहिला कागद मला दाखवला होता. अक्षर आधी ओळखलं, मजकूर मग वाचला." मग बुधली उचलत, "त्यात एक चूक होती. पदार्थविज्ञानाच्या नियमाने असं मी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, साध्या डोळ्यांना दिसतंय."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

रात्री त्यांनी मला खाट दिली आणि स्वतः पंपघरात झोपले. दुसऱ्या दिवशी ते चिडले. आवाज न चढवता, तुला माहीत आहेत तसे. "आठ वर्षं. एक ओळ नाही."

"मोजे पाठवत होते. दर हिवाळ्यात."

"कळत होतं ते. नाव नसलेले मोजे. पाय गरम राहतात त्याने, निंगची आई, पण पार्सल उघडताना दर वेळी मी आत चिठ्ठी शोधायचो."

मी त्यांची रजई उसवली होती ती शिवली, कोबी चिरला, भांडी घासली. त्यांनी नको म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मी निघाले तर ते बांधावरून माझ्यामागे चालत आले, धक्क्यापर्यंत, चार पावलं अंतर ठेवून. होडी सुटायच्या वेळी म्हणाले, "पुन्हा येशील तेव्हा चष्म्याची डावी काच घेऊन ये. तडकलीय."

"नंबर?"

त्यांनी नंबर सांगितला. माझ्याकडे कागद नव्हता, तळहातावर लिहून घेतला. होडीभर मूठ उघडी ठेवून बसले, घामाने पुसू नये म्हणून.

क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत. म्हणतील का, माहीत नाही. ठपका अजून आहे, हौ अजून खुर्चीवर आहे, माझा कागद फाइलीत लागला की टोपलीत गेला, तेही कळलेलं नाही. मी दर महिन्याला जाऊन विचारणार आहे.

काच मिळाली. वसंतोत्सवाच्या आदल्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, सकाळी सहाची बस आहे. मी दोन तिकिटं काढणार आहे. तुला रजा मिळाली नाही, किंवा मिळूनही यावंसं वाटलं नाही, तर शेजारच्या जागेवर पिशवी ठेवीन. पण तिकिटं दोनच काढणार.

आई